संग्रहालयातले देव



यंदाच्या वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता न बोलावता मंडळातल्याच बायकांनी बोलावे असे ठरले आणि माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पांडित्याची अपेक्षा करू नका. जे वाचले, ऐकले आणि त्यावरून मनात आले, तेवढेच सांगते. विषय दगडांचा आहे. पण हे दगड कुणाचे तरी देव आहेत, आणि ते संग्रहालयात जाऊन बसले आहेत.

माझी पुतणी कॅनडात एडमंटन शहरी असते. काही वर्षांपूर्वी ती तिथले रॉयल अल्बर्टा म्युझियम पाहावयास गेली. बाकी सगळ्या दालनांना तिकीट, पण एका दालनाला मात्र नव्हते. तिथे आकाशातून पडलेला एक लोखंडी दगड ठेवलेला होता. "काकू, एवढ्या एकाच दगडाला तिकीट का नाही?" असे तिने मला फोनवर विचारले. त्याचे उत्तर शोधता शोधता ही सारी हकीगत हाती आली.

तिथले क्री लोक त्या दगडाला मनितू असिनी म्हणतात. म्हणजे देवाचा दगड. वजन १४५ किलो. अल्बर्टा प्रांतात हार्डिस्टी गावाजवळच्या एका टेकडीवर तो होता. क्री, ब्लॅकफूट आणि आणखीही जमाती त्याला मानीत. या लोकांचा सारा संसार बायसन या जनावरावर चाले. आपल्या गव्यासारखे हे दांडगे रानजनावर. मांस खायला, कातडे पांघरायला आणि तंबूला. त्या कळपांचा राखणदार म्हणजे हा दगड. शिकारीला निघताना माणसे त्याच्यापुढे काही ना काही वाहून पुढे जात.

१८६६ साली जॉर्ज मॅकडूगल नावाच्या मिशनऱ्याने तो दगड उचलून आपल्या मिशनवर नेला. जमातीतली वडीलधारी माणसे म्हणाली, आता लढाई, रोगराई आणि उपासमार येणार. विल्यम बटलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७२ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात हे भाकीत लिहून ठेवले आहे. १८७० साली देवीची मोठी साथ होती. तीत खुद्द मॅकडूगलच्या घरच्या मुलीही गेल्या. त्याच साली क्री आणि ब्लॅकफूट यांच्यात लढाई झाली. १८८० च्या सुमारास बायसनचे कळप जवळजवळ नाहीसे झाले.

दगड हलविला म्हणून देवी आली असे माझे म्हणणे नाही. रोग बाहेरून आलेल्या लोकांबरोबर आला आणि बायसन बंदुकीने व कातड्याच्या व्यापाराने संपले. पण विचार करा, एका पिढीत ज्यांची माणसे गेली, अन्न गेले, जमीन गेली, त्यांनी रडायला आणि धीर मागायला जायचे कुठे? जिथे जायचे ती टेकडीच रिकामी होती. संग्रहालयाच्या पाटीवर वजन लिहितात, धातू लिहितात. हे कुठे लिहीत नाहीत.

पुढे तो दगड दूर ओंटारिओ प्रांतातल्या एका महाविद्यालयात गेला, तिथून टोरोंटोच्या संग्रहालयात. १९७२ साली तो अल्बर्टाला परत आला. २०१८ साली एडमंटनला संग्रहालयाची नवी इमारत झाली, तेव्हा त्याला स्वतंत्र दालन दिले. देवाच्या भेटीला येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून तिथे तिकीट नाही. पुतणीच्या प्रश्नाचे हे उत्तर. आणि २०२२ साली तिथल्या सरकारने जाहीर केले की, दगड त्याच्या मूळच्या जागेजवळ परत न्यायचा.

कुणी म्हणेल, संग्रहालयाने सांभाळला म्हणून तर राहिला! खरे आहे, त्याबद्दल आभार मानावेत. पण शेजारणीचे भांडे आपण घासूनपुसून ठेवले म्हणून ते आपले होत नाही. आणि इथे तर शेजारणीने ते आपण होऊन दिलेलेही नव्हते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या ओरेगन राज्याची. तिथल्या क्लॅकमस लोकांचा टोमानोवोस हाही आकाशातून आलेला दगड, चौदा टनांच्या वर वजनाचा. त्याच्या खळग्यांत साठलेले पावसाचे पाणी ते औषधी मानीत. १९०२ साली एका वसाहतवाल्याच्या तो नजरेस पडला. त्याने तो तीन महिने खपून आपल्या जमिनीत ओढून नेला. मूळ जमीन एका कंपनीची होती, ती कोर्टात गेली. हा दगड क्लॅकमस लोकांचा आहे अशी आदिवासी साक्षीदारांनी साक्ष दिली; तरी १९०५ साली निकाल कंपनीकडे गेला. मग एका श्रीमंत बाईंनी तो विकत घेऊन १९०६ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला भेट दिला. त्या बाईंचा हेतू चांगलाच असेल. १९९९ साली क्लॅकमसांच्या वंशजांनी त्यावर हक्क सांगितला आणि २००० साली समेट झाला: दगड तिथेच राहावा, पण दर वर्षी त्यांनी येऊन आपला विधी करावा, आणि संग्रहालयाने तो मांडायचे कायमचे बंद केले तर तो त्यांना परत द्यावा.

तिसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरेंटे लोकांचे चुरिंगा नावाचे कोरीव दगड असतात. त्यांतले पुष्कळ असे की, दीक्षा घेतलेल्या पुरुषांखेरीज कुणी पाहू नयेत. बायकांनी तर नाहीच. हे ऐकून आपल्याला राग येईल, मलाही आला. पण तिथल्या बायकांचेही स्वतःचे विधी आहेत आणि त्यांत पुरुषांना मज्जाव आहे, हे कळल्यावर मी जरा थांबले. त्यांच्या घरातला नियम बदलायचा की नाही हे त्यांच्या बायका-पुरुषांनी ठरवावे. परक्याने तो दगड काचेच्या कपाटात मांडून परस्पर मोडू नये. म्हणून तिथल्या संग्रहालयांनी असे दगड मांडायचे बंद केले आणि कित्येक परतही केले.

तीन ठिकाणी तीन वेगळे मार्ग निघाले. एकीकडे परत न्यायचे ठरले, दुसरीकडे वाटून घेतले, तिसरीकडे झाकून ठेवले. पण तिन्ही ठिकाणी ज्यांची वस्तू त्यांना विचारल्यावरच मार्ग निघाला, आणि विचारायला शंभर वर्षे लागली.

आपली सहल एखाद्या संग्रहालयात जाईल तेव्हा पाटीवरचे साल आणि धातू आपण वाचूच. त्याबरोबर तिथल्या माणसाला एवढेही विचारू या, की ही वस्तू इथे आली कशी, आणि ज्यांची आहे त्यांना इथे येऊन हात जोडता येतात का?