माझी पहिली मोटार
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मोटारीवर बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, "मला त्यातले काय कळते? मी तर फक्त चुका केल्या." त्या म्हणाल्या, "मग चुकाच सांगा." तेव्हा आज त्याच सांगते.

माझे वय ६१. घर यजमानांच्या नावावर, स्कूटर मुलाच्या. शिवणयंत्राखेरीज माझे म्हणावे असे काही नव्हते. तीन वर्षांपूर्वी मामा वारले आणि मामींनी त्यांची १९६८ सालची फियाट माझ्या नावावर केली. "लहानपणी तिच्यात बसायला तूच हट्ट करायचीस," म्हणाल्या. ही डुक्कर फियाट नव्हे हो, ती हिच्या आधीची. ही अकराशे डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती मुंबईत टॅक्सी म्हणून धावली.

गाडी अकरा वर्षे शेडमध्ये उभी होती. मी काय केले? आधी रंग दिला! लग्नघर रंगवतात ना, तसा. गॅरेजवाल्याने गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरली, वर झकास रंग मारला, इंजिन सुरू करून दिले आणि मी भुलले. एका पावसाळ्यात रंगाला फोड आले. पण ते नुकसान पैशाचे. दुसरे त्याहून मोठे होते.

आपल्यापैकी चौघींना मी देवीच्या दर्शनाला घेऊन निघाले होते. उतारावर ब्रेक दाबला, तो पाय थेट तळाला गेला. मी खालचा गिअर टाकला, हातब्रेक ओढला, आणि गाडी कशीबशी वाळूच्या ढिगाशी थांबली. पुढे वीस पावलांवर शाळेतून सुटलेली मुले होती. मी हसून सांगितले, "पेट्रोल संपलं." भगिनींनो, ते खोटे होते. त्या चौघी आज येथे बसल्या आहेत. त्यांची मी क्षमा मागते.

मग एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी मला शेजारी उभे करून एकेक भाग उघडून दाखविला. पायाने दाबले की ब्रेकचे तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जोर पोहोचविते. हे तेल हवेतील ओलावा शोषते, त्याने सिलिंडर आतून गंजतो; रबरी वॉशर पडून पडून कडक होतात. आणि या गाडीत चारही चाकांना मार्ग एकच. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले!

त्यांनी शिकविलेला क्रम लिहून घ्या. आधी ब्रेक. मग टायर, न वापरताही त्यांचे रबर चिरते. मग पेट्रोलची टाकी, कारण तिच्यातला गंज कार्बुरेटरमध्ये जाऊन अडकतो. मग वायरिंग, मग इंजिन, मग पत्रा. रंग सर्वांत शेवटी. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. मसाल्याच्या डब्यांना लावतो तशी. आणि जुना भाग पाहिल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नयेत.

कागदपत्रांचेही सांगते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची; पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी वेगळा क्रमांक मिळू शकतो, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. मला तर हिच्यातून भाजी आणावयाची आहे! म्हणून मी साधी नोंदणीच वाढवून घेतली.

मालकी म्हणजे काय, हे मला त्या उतारावर कळले. वस्तू नावावर झाली की तिच्यात बसणाऱ्यांचा जीवही आपल्या हवाली होतो.

येत्या रविवारी मी पुन्हा देवीला जाणार आहे. गाडीत चार जागा आहेत. पहिला मान त्या चौघींचा. नाही म्हणालात, तरी मी रागावणार नाही.