मोटारसायकलचें तेल

तेलातेलांत भेद असतो, हें मराठी गृहिणीस कोणी शिकवावें लागत नाहीं. फोडणीस करडईचें किंवा शेंगदाण्याचें, केंसांस खोबरेल, पोटासाठीं एरंडेल, अशी तिची व्यवस्था ठरलेली असते. आणि एकाच्या जागीं दुसरें तिनें चुकूनहि वापरलेलें नसतें. त्याच घरांतील सुशिक्षित मुलगा मात्र रविवारीं सकाळीं अंगणांत मोटारसायकल उभी करून तिचें जुनें तेल काढतो, आणि नवें घालण्याची वेळ आली कीं हाताशीं असेल ती बाटली पालथी करतो. तेल तें तेल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत किती महाग पडूं शकते, हें पाहण्यासारखें आहे.

समजा, हें घर पुण्याचें आहे. दारीं एक मोटारगाडी व एक मोटारसायकल. मोटारगाडीसाठीं आणलेल्या उंची तेलापैकीं लिटरभर उरलें होतें, तें मुलानें मोटारसायकलींत ओतलें. चार दिवस ती पूर्वीहून हलकी चालल्यासारखी वाटली. पुढल्या रविवारीं आईस मागें बसवून तो सासवडास निघाला. हडपसर मागें पडलें, दिवे घाटाचा चढ लागला, आणि एका मालमोटारीस ओलांडण्यासाठीं त्यानें मूठ पिळली. इंजिनाचा आवाज एकदम चढला. वेग मात्र वाढेना. समोरून बस येत होती. कसेंबसें वाहन पुन्हा मालमोटारीच्या मागें घेतां आलें, म्हणून अनर्थ टळला. इंजिनांत मोडलें कांहींच नव्हतें. दोष त्या उंची तेलाचा. किंवा न्यायानें बोलावयाचें तर तें ओतणाऱ्याचा.

याचें कारण मोटारसायकलच्या रचनेंत आहे. मोटारगाडींत इंजिनाचें तेल बहुधा इंजिनापुरतेंच असतें. गिअरच्या पेटीस तेल निराळें, आणि हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत क्लच सहसा कोरडाच. फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र बहुतकरून इंजिन, गिअर व क्लच हीं तिन्ही एकाच तेलांत नांदतात. एका चाकरानें तीन धन्यांची सेवा करावी, असा हा प्रकार आहे. सिलिंडरांत वरखालीं धांवणाऱ्या दट्ट्यास निसरडेपणा हवा. गिअरचे दांते एकमेकांवर दाबले जात असतां मधला तेलाचा पापुद्रा तुटतां कामा नये. आणि क्लचच्या चकत्यांना तर तेलांत राहूनहि एकमेकींस घट्ट धरतां आलें पाहिजे. मोटारगाडीच्या, विशेषतः इंधन वांचविणाऱ्या पातळ तेलांत घर्षण आणखी कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. इंजिनास जें मानवतें, तेंच क्लचला बाधतें. चकत्या घसरतात, तापतात, आणि शेवटीं जळतात. मग तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, अशी गत होते.

ही अडचण ओळखून जपानमधील मोटार-मानक संस्थेनें १९९८ सालीं फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या तेलासाठीं स्वतंत्र कसोटी ठरविली. बाटलीवर ‘जॅसो’ या नांवापुढें ‘एम् ए’ हीं अक्षरें असलीं, तर तें तेल भिजलेल्या क्लचला योग्य समजावें. ‘एम् बी’ असेल तर तें कमी घर्षणाचें, म्हणजे ज्यांचा क्लच तेलांत बुडालेला नसतो अशा बिनगिअरच्या स्कूटरांसाठीं. २००६ सालीं ‘एम् ए’चे ‘एम् ए १’ व ‘एम् ए २’ असे पोटभेद झाले. त्यांत दुसऱ्याचें घर्षण अधिक.

दुसरी खूण दाटपणाची. ‘१०डब्ल्यू-३०’, ‘२०डब्ल्यू-४०’ असे आंकडे बाटलीवर ठळक छापलेले असतात. हे आंकडे उष्णतेचे अंश नव्हेत. डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्यासाठीं असलेल्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर आहे. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तें तेल थंडींत सहज वाहतें. नंतरचा आंकडा जितका मोठा, तितकें तें तापल्यावरहि दाट राहतें. ‘जाड तेल तें टिकाऊ’ असा एक समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. पण पातळ तेलासाठीं घडविलेल्या इंजिनांत जाड तेल घातलें, तर पहांटेच्या गारव्यांत तें वरच्या भागांस उशिरां पोंचतें, आणि तें घुसळण्यांत शक्ति व पेट्रोल वायां जातें. उलट, दाट तेलावर चालणाऱ्या जुन्या इंजिनांत पातळ तेल घातलें, तर उन्हाळ्यांत तेलाचा पापुद्रा टिकत नाहीं.

तिसरी खूण गुणवत्तेची. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेनें पेट्रोल इंजिनांच्या तेलास ‘एस्’ या अक्षरानें आरंभ होणाऱ्या पायऱ्या लावल्या आहेत : २००१ सालची ‘एस् एल्’, २०१० ची ‘एस् एन्’, २०२० ची ‘एस् पी’. दुसरें अक्षर जितकें पुढचें, तितकी कसोटी नवी. परंतु या पायरीवरून क्लचचें हित कळत नाहीं. त्यासाठीं ‘एम् ए’च पाहावें लागतें. कृत्रिम रीतीनें बनविलेल्या महाग तेलासहि हाच न्याय. तें उष्णता अधिक सोसतें हें खरें, पण योग्य अक्षरें नसतील तर किंमत कामास येत नाहीं.

या सर्व प्रश्नांचें उत्तर वाहनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत आधींच छापलेलें असतें. तेल इंजिनास पाहून ठरतें, दुकानदारास पाहून नव्हे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेल घालीत, कारण तें पेट्रोलांत सहज विरघळत नसे. तेथें तेंच योग्य होतें. आजच्या मोटारसायकलींत कोणी तें घालणार नाहीं.

घरीं तेल बदलतांना इंजिन दोनचार मिनिटें चालवून कोमट करावें, म्हणजे जुनें तेल गाळासह निघतें. तें काळें दिसलें म्हणून घाबरूं नये. काजळी स्वतःमध्यें धरून ठेवणें हें तेलाचें कामच आहे. बदलण्याची वेळ रंगावरून न ठरवितां पुस्तिकेंतील किलोमीटर व महिने यांवरून ठरवावी. खालचा बोल्ट व त्याचें वॉशर नीट बसवून तेल मापानेंच घालावें. अधिक घातल्यास त्यास फेंस येतो व सांध्यांतून तें बाहेर पडूं लागतें. बाटलीचें झांकण मोहोरबंद आहे ना, हें दुकानांतच पाहावें, आणि रिकामी बाटली मोडून टाकावी, म्हणजे तींत कोणी भेसळीचें तेल भरून विकणार नाहीं. काढलेलें तेल गटारांत मुळींच ओतूं नये. २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक कचऱ्यांत मोडतें. डब्यांत सांठवून तें गोळा करणाऱ्या गॅरेजकडे पोंचवावें.

दिवे घाटांतून परत आल्यावर त्या मुलानें काय करावें? तें तेल काढून टाकावें, पुस्तिका उघडावी, आणि तींत लिहिलेलेंच तेल भरावें. चकत्या जळल्या नसतील तर क्लच पुन्हा पकड घेईल. जळल्या असतील तर त्या बदलाव्या लागतील. स्वयंपाकघरांतील फळीवर आईनें प्रत्येक तेलाची बरणी वेगळी कां ठेवली आहे, हें मात्र त्यास आतां निराळें सांगावें लागणार नाहीं.