बर्फावरचा तंबू



शिवाजी पेठेतली आपण पोरं रंकाळ्याकाठी वाढलो. तळ्यावरून चालता येतं, हे मला मिनेसोटात कळलं. तिथं चार इंच पक्का बर्फ झाला की माणसं त्यावर जाऊन, भोक पाडून मासे धरतात.

आम्हीही घसरगाडीवर बसवलेला, मागून पुढे उलटून उघडणारा तंबू घेतला. दोघांना ओढता येईल असा हलका, अस्तराचा. खाली फोमच्या चटया टाकल्या. वारा लागतो म्हणून मी हुशारीनं झरोके चिकटपट्टीनं बुजवले, गॅस हीटर लावला. थोड्याच वेळात लेकीचं डोकं दुखायला लागलं. तिला बाहेर ओढलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकलेलं इंजिनिअर झाल्यावर विसरले होते.

आता झरोके उघडे असतात, आत गॅसचा गजर टांगलाय. थंडी वाजते, वाजू दे.