छोट्या आगगाड्या आणि त्यांचीं छायाचित्रें

आगगाडीची लहानशी प्रतिकृति करणें म्हणजे मुलांचा खेळ, अशी पुष्कळांची समजूत असते. किल्ली दिली कीं वाटोळ्या रुळांवर गरगर फिरणारी पत्र्याची गाडी बहुतेकांनीं लहानपणीं पाहिलेली असते. ती मोडली कीं खेळ संपतो. परंतु युरोप-अमेरिकेंत, आणि आतां भारतांतही, प्रौढ माणसें जो छंद मन लावून जोपासतात तो ह्या खेळाहून अगदीं निराळा आहे. त्यांत एखादा खरा लोहमार्ग, त्याचीं स्थानकें, सिग्नल, पूल, पाण्याच्या टांक्या, आसपासचीं झाडें आणि शेतें हें सर्व ठराविक प्रमाणानें लहान करून मेजावर उभें करावयाचें असतें. हें काम वर्षानुवर्षें चालतें, आणि तें करणारा मनुष्य बहुधा आपल्या घरांत एकटाच असतो. शेजाऱ्यास त्याचें कौतुक वाटेल. पण डब्याखालचा ब्रेकचा दांडा उलटा बसला आहे, हें शेजारी सांगूं शकणार नाहीं. तें सांगणारा जाणता कदाचित् दुसऱ्या गांवीं किंवा दुसऱ्या देशांत असेल. त्याच्यापर्यंत मेज नेतां येत नाहीं. छायाचित्र नेतां येतें. म्हणूनच छायाचित्रांची देवघेव ही ह्या छंदावर चढविलेली नुसती शोभा नव्हे; छंदाचा अर्धा भार तिच्यावरच असतो.

मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर ह्या देवघेवीचें महत्त्व अधिकच आहे. कारण लातूर आणि नांदेड येथील दोन जुने लोहमार्ग आतां रूप पालटून गेले आहेत. लातुरास येणारी बार्शी लाईट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें उभारली. १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंतचा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ सालीं ती पंढरपुरास पोंचली, १९११ सालीं तेव्हांच्या निजामी राज्यांतील लातुरास आली, आणि १९२७ सालीं मिरजेस जाऊन मिळाली. तिच्या दोन रुळांतील अंतर अवघें अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होतें. कॅलथ्रॉपची युक्ति अशी कीं, रूळ हलके, वारास तीस पौंड वजनाचे ठेवावयाचे, आणि कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीनें बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाकें आणि त्यांच्या मागें चार लहान चाकें दिलेलीं होतीं. भार पुष्कळ चाकांवर वांटला जाई. हा मार्ग १९५४ सालीं सरकारी मालकीचा झाला. २००७ आणि २००८ ह्या सालांत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद करण्यांत आला, आणि शहाण्णव वर्षांनंतर लातुरांतील छोटी गाडी थांबली.

नांदेडवरून जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड-सिकंदराबाद मार्ग एक मीटर रुंदीचा होता. विसावें शतक उजाडतांना तो सुरू झाला, आणि १९९० नंतरच्या दशकांत नांदेडपर्यंत तोही रुंद झाला. मार्ग रुंद होणें म्हणजे केवळ दोन लोखंडी पट्ट्या दूर सरकणें नव्हे. इंजिनें आणि डबे जातात, फलाटांची उंची बदलते, पाण्याचे नळ आणि जुने सिग्नल निघतात. प्रवाशांची सोय झाली, माल एका गाडींतून दुसऱ्या गाडींत चढविण्याची दगदग वांचली, ह्याबद्दल कोणासही खेद नसावा. परंतु ती जुनी गाडी मेजावर पुनः चालवावी असें ज्यास वाटेल, त्यास जुन्या चित्रांवांचून आणि नकाशांवांचून गति नाहीं.

लहान करण्याची ही रीत कशी असते, तेंही समजून घेण्याजोगें आहे. ह्या छंदांतील फार प्रचलित प्रमाण एकास सत्याऐंशी हें होय. ह्या प्रमाणानें साडेपांच फूट उंचीचा मनुष्य एकोणीस मिलिमीटरांचा होतो, चाळीस फुटी डबा चौदा सेंटिमीटरांत बसतो, आणि एक किलोमीटर मार्गास साडेअकरा मीटर जागा लागते. रुळांचा हिशेब त्याहून मौजेचा आहे. बार्शी लाईटचे ७६२ मिलिमीटर सत्याऐंशीनें भागले असतां सुमारें पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारांत नऊ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. ते एकास एकशें साठ ह्या अधिक लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठीं केलेले असतात. त्यामुळें लातूरची गाडी करणाऱ्यास रूळ जवळजवळ बिनचूक लाभतात. इंजिन आणि डबे मात्र त्यानें स्वतः घडवावे. नांदेडच्या जुन्या मीटर मार्गास साडेअकरा मिलिमीटर हवेत, आणि बारा मिलिमीटरांचे रूळ मिळतात. उलट आजच्या रुंद मार्गाच्या १६७६ मिलिमीटरांस सव्वाएकोणीस हवेत. पण तयार रूळ साडेसोळांचे असतात, कारण ते युरोपांतील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गाचें माप धरून बनविलेले असतात. म्हणून त्या रुळांवर उभी केलेली भारतीय रुंद गाडीची प्रतिकृति धडानें बरोबर असली तरी पायांनीं अरुंद असते. बाजूनें काढलेल्या चित्रांत हा दोष झांकतो; समोरून काढलेल्या चित्रांत तो तत्काळ उघडा पडतो. छायाचित्र पाठविणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी येथूनच सुरू होते.

छायाचित्रें दोन प्रकारचीं असतात: एक खऱ्या गाडीचीं आणि दुसरीं तिच्या प्रतिकृतीचीं. खऱ्या गाडीच्या चित्रांत एक मोठी उणीव नेहमीं आढळते. मनुष्य फलाटावर उभा राहून चित्र काढतो. त्यामुळें इंजिनाचें तोंड आणि डब्यांच्या खिडक्या येतात, पण छप्पर येत नाहीं. आणि मेजावरची प्रतिकृति पाहणारा मनुष्य तर ती वरूनच पाहतो. त्यास सर्वांत आधीं छप्पर दिसतें! छपरावरचीं वायुवाहक झांकणें किती, तीं कोठें, पत्र्याचे सांधे कसे, हें कळावयास हवें असेल तर पादचारी पुलावरून सहज टिपलेलें एखादें चित्र शंभर सुंदर चित्रांहून मोलाचें ठरतें. तीच गोष्ट गार्डाच्या डब्याच्या मागील बाजूची, डबे जोडणाऱ्या आंकड्यांची आणि चाकांमधील यंत्ररचनेची. ज्यास कोणी सुंदर म्हणत नाहीं, तेंच करणाऱ्यास नेमकें हवें असतें. डब्याशीं काटकोन धरून काढलेलें चित्र मोजमापास सर्वांत उपयोगी. जवळ एखादी मापाची काठी उभी असेल तर सोन्याहून पिवळें. काठी नसली तरी स्थानकाच्या भिंतींतील विटांचे थर मोजून उंचीचा अदमास घेतां येतो.

प्रतिकृतीचें चित्र काढण्याची कला निराळी आहे. उभ्यानें काढलेलें चित्र कितीही स्पष्ट असलें तरी त्यांत खेळणेंच दिसतें. कारण घारीसारखें आकाशांतून खऱ्या गाडीकडे कोणी पाहत नाहीं. कॅमेऱ्याचें भिंग मेजावरच्या चिमुकल्या माणसाच्या डोळ्यांइतकें, म्हणजे फलाटापासून जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर उंचीवर आणावें लागतें. जवळून चित्र काढतांना पुढचें स्पष्ट आणि मागचें धूसर होतें. म्हणून भिंगाचें छिद्र अगदीं लहान करून प्रकाश अधिक वेळ आंत येऊं द्यावा, आणि तेवढा वेळ कॅमेरा हलूं देऊं नये. मोबाइल फोनचें बारीक भिंग ह्या कामीं फार सोयीचें पडतें. फोन उलटा धरिला कीं भिंग थेट रुळांच्या पातळीस येतें. इतकें झालें म्हणजे कॅमेरा आपलें दुसरें काम करूं लागतो. डोळा प्रेमानें पाहतो. कॅमेरा तसा पाहत नाहीं. डिंकाचा ओघळ, वांकडा खांब, झाडाच्या बुडाशीं दिसणारी तार, जमिनीपासून केसभर वर तरंगणारी स्थानकाची भिंत, असे सारे दोष चित्रांत डोळ्यांत भरतात. कित्येक हौशी मंडळी प्रथम स्वतःसाठींच चित्र काढतात, दोष सुधारतात, आणि मगच तें इतरांकडे पाठवितात.

परंतु जो केवळ निर्दोष चित्रेंच पाठवितो, तो स्तुति मिळवितो, विद्या नव्हे. अर्धवट राहिलेल्या कामाचें चित्र पाठविण्यास धैर्य लागतें. पण खरा लाभ त्यांतच आहे. लाकडी सांगाडा उघडा आहे, तारा लोंबत आहेत, काळी माती वस्त्रगाळ करून पसरली आहे पण ती ओल्या चिखलासारखी दिसते आहे, असें चित्र पाहून दुसरा लिहितो कीं माती आधीं पुरती वाळवावी आणि डिंक पातळ करावा. असा सल्ला तयार चित्रास कधींच मिळत नाहीं. शिवाय तें अर्धें चित्र पाहून तिसरा कोणी, जो आरंभ करण्यास भीत होता, तो पहिला रूळ बसवितो.

दूरच्या माणसाचें चित्र किती उपयोगी पडूं शकतें, ह्याचें उदाहरण लातूरच्या गाडीच्याच संबंधांत आहे. बार्शीचा अनुभव घेऊन कॅलथ्रॉपनें इंग्लंडांत लीक अँड मॅनिफोल्ड नांवाचा अडीच फुटी मार्ग उभारला. तो १९०४ सालीं सुरू झाला. त्याचीं दोन्ही इंजिनें किट्सन कंपनीचींच होतीं, आणि त्यांच्या घडणींत बार्शीची छाया होती. तो मार्ग १९३४ सालीं बंद पडला. त्याचें आयुष्य अवघें तीस वर्षांचें. तरी तेथील हौशी मंडळींनीं त्याचीं चित्रें जपलीं, एकमेकांस दिलीं, आणि त्यांवरून त्याच्या प्रतिकृति घडविल्या. लातूरची गाडी करूं इच्छिणाऱ्यास ह्या विलायती चुलतभावाचीं चित्रें पुष्कळ शिकवूं शकतात. आणि उलट प्रश्नही मनांत येतो: त्याच्या तिप्पट काळ चाललेल्या लातूरच्या गाडीचीं चित्रें किती घरांत पेटींत पडून असतील, आणि त्यांतील किती दुसऱ्याच्या हातीं गेलीं असतील?

महाराष्ट्रांत ह्या छंदास लोकांसमोर आणण्याचें मोठें काम पुण्याचे भाऊ जोशी ह्यांनीं केलें. त्यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं कोथरूड भागांत लोकांसाठीं उघडलें. एका छोट्या नगरामधून निरनिराळ्या गाड्या सिग्नल पाळीत धांवतांना तेथें पाहिल्या म्हणजे हा मुलांचा खेळ आहे, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु असें संग्रहालय गांवोगांवीं होणें नाहीं. बहुतेकांचें काम घरच्या खोलींतच राहतें, आणि खोलीचें आयुष्य माणसाच्या आयुष्याशीं बांधलेलें असतें.

ह्या संबंधांत जॉन ॲलन ह्या अमेरिकन गृहस्थाची कथा विसरतां येत नाहीं. हे कॅलिफोर्नियांतील माँटेरे गांवीं राहत. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय होता, आणि घराच्या तळघरांत त्यांनीं डोंगर, दऱ्या आणि पूल ह्यांनीं भरलेला एक काल्पनिक लोहमार्ग वर्षानुवर्षें खपून उभारला होता. त्यांनीं काढलेलीं त्याचीं चित्रें मासिकांतून छापून येत, आणि तीं पाहून असंख्य लोक ह्या छंदास लागले. १९७३ सालच्या जानेवारींत ॲलन वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या घरास आग लागली, आणि तो सारा लोहमार्ग जळून नष्ट झाला. जन्मभराच्या कामांतून जें वांचलें, तें मुख्यतः त्यांनीं लोकांस देऊन टाकलेलें; जें घरांत राहिलें, तें गेलें. आजही हौशी मंडळी तीं चित्रें समोर ठेवून शिकतात.

ह्यांतून निघणारा बोध लातूर-नांदेडकडील घरांस लागू आहे. खरी गाडी गेली. प्रतिकृति करणारा कोणी पुढें येईल तेव्हां येईल. परंतु त्यास लागणारी सामग्री आजच जमली पाहिजे. कोणाचे वडील बार्शी लाईटवर नोकरीस असतील, कोणाच्या लग्नाचें वऱ्हाड छोट्या गाडीनें आलें असेल, कोणी नांदेडच्या फलाटावर मित्रांसह उभें राहून चित्र काढवून घेतलें असेल. त्या चित्रांत माणसें पुढें असतात आणि डबा मागें अर्धाच दिसतो. पण तो अर्धा डबाच कोणास तरी हवा आहे. मूळ चित्र कोणास देऊं नये. त्याची प्रत मात्र मोकळ्या हातानें द्यावी. मागील बाजूस स्थानकाचें नांव, साल आणि चित्र कोणत्या दिशेनें काढलें तें पेन्सिलीनें लिहावें.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी, ती म्हणजे रंग. जुनें चित्र काळें-पांढरें असतें. डबा तांबडा होता कीं पिवळा, खिडकीची चौकट कोणत्या रंगाची होती, हें तें सांगत नाहीं. तें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें तोच सांगूं शकतो, आणि अशीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. ज्या श्रोत्यांच्या घरीं असें चित्र आहे आणि तें ओळखणारें वडीलधारें माणूसही आहे, त्यांनीं आज संध्याकाळींच तें चित्र त्या माणसासमोर ठेवावें, आणि डब्याचा रंग कोणता होता, एवढें विचारून घ्यावें.