कळफलकावरील ळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात, कानपूर येथे केलेले भाषण)



व्याख्यान देण्याचा आमचा पिंड नव्हे. आमचे आयुष्य सरकारी टिपणे लिहिण्यात गेले. तरीही आज उभे राहिलो, ते एका अपराधाची कबुली देण्यासाठी. गेल्या वर्षी एका ज्येष्ठ सभासद भगिनीच्या निधनाची वार्ता आम्हीच संगणकावर टंकलिखित करून मंडळाच्या फलकावर लावली. बोटांना सवय कार्यालयातील हिंदीची. ळ सापडेना, घाई होती, म्हणून ल वर भागविले. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले. रागावले नाहीत. खिशातील लेखणी काढून त्यांनी पत्नीच्या नावातील ल चा ळ केला, आणि नमस्कार करून निघून गेले. ज्या नावाने त्यांनी जन्मभर हाक मारली, ते आम्ही अखेरच्या कागदावर बदलून ठेवले होते.

ळ ची ही परवड आपणांस नवी नाही. येथे टिळकांचे तिलक होतात. मग तुमच्या-आमच्यातील काळ्यांचे काले झाले तर नवल कसले? शेजाऱ्याच्या जिभेला ळ वळत नाही, हा त्याचा दोष नव्हे. आपल्या बोटांना तो सापडू नये, हा मात्र आपला.

शोध घेतला तेव्हा अधिकच ओशाळलो. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ सालीच भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरविला होता. १९९१ साली तो भारतीय मानकात समाविष्ट झाला. आपल्या लिपी संगणकावर आणणारे ‘जिस्ट’चे तंत्र तर याच कानपुरात, आयआयटीत घडले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅककडे गेले. विद्या येथून पुण्यास गेली आणि आम्ही येथे बसून अडाणी राहिलो!

या कळफलकावर स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. इंग्रजी एन च्या कळेवर ल आहे. तीच कळ शिफ्टसह दाबली की ळ उमटतो. एवढ्यासाठी आम्ही एका गृहस्थाला लेखणी काढावयास लावली.

र चे प्रकरण थोडे नाजूक आहे. र, हलन्त आणि य असे क्रमाने दाबले तर ‘दर्या’, म्हणजे समुद्र, मिळतो. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ हव्या असतील तर जे ची कळ शिफ्टसह दाबून खाली टिंब असलेला ऱ घ्यावा, मग डी वरील हलन्त, मग य. हे न साधल्यास आचाऱ्यांना सांगितलेला स्वयंपाक आचार्यांच्या माथी येतो! कऱ्हाडचा ऱ्ह ही असाच, फक्त य च्या जागी ह. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, तोवर हिंदीच्या ‘ऍ’वर गुजराण होती.

आपली मुले हा सारा खटाटोप टाळून आजीला रोमन लिपीत निरोप धाडतात. काल, काळ, कल आणि कळ या चौघांना ती एकाच साच्यात कोंबतात, आणि आजी बिचारी चष्मा पुसून संदर्भ लावीत बसते. मुलांना रागावण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांना शिफ्टची कळ आम्हीच कधी दाखविली नाही.

सभासदांची यादी आम्ही नव्याने टंकलिखित केली आहे. ती दाराजवळील टेबलावर आहे. चहाला जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपले व घरातील सर्वांचे नाव पाहून घ्यावे. यादीशेजारी पेन्सिल ठेवली आहे.