डोळ्यांभोवतीची त्वचा : निगा आणि हव्यास

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वार्षिक संमेलनातील भाषण म्हटले म्हणजे शिक्षण, सहकार, विद्यार्थी-साहाय्य निधी, ज्ञातीचा पूर्वेतिहास असे भारदस्त विषय आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. डोळ्यांसमोरील विषयांवर आजवर पुष्कळ बोलून झाले. आज आम्ही डोळ्यांभोवतीच्या विषयावर बोलणार आहोत. डोळ्यांच्या आसपासची चार बोटे कातडी, तिची निगा आणि तिच्यावर आपण करीत असलेले प्रयोग, एवढाच हा विषय. कित्येकांस तो क्षुल्लक वाटेल. परंतु या चार बोटांच्या कातडीपायी चांगल्या घरांतील मुलींनी मूत्रपिंडाचे विकार ओढवून घेतल्याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रात घडली आहेत. म्हणून तो सर्वांनी, विशेषतः वधूपित्यांनी व वरमातांनी, शांतपणे ऐकावा अशी आमची विनंती आहे.

प्रथम या त्वचेचे स्वरूप पाहू. मनुष्याच्या साऱ्या शरीरात पापण्यांची त्वचा सर्वांत पातळ असते. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. इतरत्र त्वचेखाली चरबीचा जो थर असतो, तो येथे जवळजवळ नसतो. त्यामुळे आतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची छटा बाहेर दिसते, आणि अंगात पाणी साचू लागले की त्याची चाहूल पुष्कळदा प्रथम येथे लागते. या पातळपणाचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. जो पदार्थ तळहातावर चोळला असता फारसा आत शिरत नाही, तोच पापणीवर लावला असता सहज आत जातो. नखांच्या रंगाचे उदाहरण घ्यावे. तो ज्या स्त्रीस सोसत नाही, तिच्या बोटांना काहीच होत नाही. पण तीच बोटे नकळत डोळ्यांस लागतात आणि पापण्या सुजून येतात. केसांच्या कलपाचेही तसेच. कलप केसांस लावावा आणि सकाळी डोळे उघडू नयेत, असा अनुभव अनेक गृहस्थांस आला असेल.

आता डोळ्यांखालील काळ्या वर्तुळांकडे वळू. तरुण मुलींस आणि अलीकडे तरुण मुलांसही या वर्तुळांनी जेवढे अस्वस्थ केले आहे, तेवढे परीक्षेच्या निकालानेही केले नसेल. वस्तुतः आपल्याकडील पुष्कळ माणसांच्या बाबतीत ही छटा वंशपरंपरेने आलेली असते. आजीच्या डोळ्यांखाली होती, आईच्या आहे, तीच मुलीच्या डोळ्यांखाली उतरली. तो रोग नव्हे, आणि अपराध तर नव्हेच. काहींच्या डोळ्यांखाली स्वाभाविक खळगा असतो व त्याची सावली पडते. दिव्याखाली उभे राहिले की ती गडद होते, उजेडाकडे तोंड केले की निवळते. अशी सावली कोणत्या मलमाने पुसली जाणार?

उरलेली कारणे मात्र आपल्या हाती आहेत. पहिले कारण अपुरी झोप. बोरिवलीहून अथवा मुलुंडहून पहाटेची गाडी धरणारी आणि रात्री नवाच्या सुमारास घरी येऊन चूल पाहणारी गृहिणी झोप कोठून आणणार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बाटलीत नसून घरातील कामाच्या वाटणीत आहे. दुसरे कारण रक्तक्षय. रक्त कमी झाले की चेहरा फिकटतो आणि वर्तुळे अधिक उठून दिसतात. आपल्या स्त्रियांत हा विकार किती पसरला आहे, हे सांगावयास नकोच. अंधेरी-जुहूकडील मंडळींस कूपर, घाटकोपरकरांस राजावाडी, मुलुंडकरांस अगरवाल ही महापालिकेची रुग्णालये परिचित आहेत. महागड्या मलमाची बाटली घेण्यापूर्वी रक्तातील हिमोग्लोबिन एकदा तपासून घेतले, तर खर्चही कमी येईल आणि उपयोगही अधिक होईल.

तिसरे कारण डोळे चोळणे. हे सर्वांत दुर्लक्षिलेले आहे. उपनगरांत ठिकठिकाणी जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम चालले आहे. धूळ, दमट हवा आणि घाम यांनी डोळ्यांस खाज सुटते, आणि गर्दीच्या डब्यात उभे असता आपण हातरुमालाने डोळे खसाखसा पुसतो. वारंवार घर्षण झालेली त्वचा काळवंडते व जाड होते. मग ती उजळावी म्हणून आणखी चोळणे सुरू होते. याहून गंभीर गोष्ट अशी की, सतत जोराने डोळे चोळण्याची सवय आणि बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार यांचा निकटचा संबंध नेत्रवैद्यांनी दाखविला आहे. मूल डोळे चोळीत असेल तर त्यास नुसते दटावू नये; खाज कशाची आहे हे वैद्याकडून पाहून घ्यावे. २०२३ सालच्या पावसाळ्यात मुंबईसह महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ पसरली, तेव्हा घरातील एकच पंचा सर्वांनी वापरण्याची सवय किती महाग पडते, हेही अनेकांस कळून आले.

तर मग निगा राखावी कशी? ती इतकी साधी आहे की सांगताना संकोच वाटतो. बाहेरून आल्यावर गार पाण्याने तोंड धुवावे आणि मऊ, स्वतंत्र कापडाने डोळ्यांभोवती टिपून घ्यावे, पुसू नये. अंगाचा साबण पापण्यांस लावू नये. त्वचा कोरडी वाटल्यास सुगंधरहित साधे स्निग्ध मलम अनामिकेने हलकेच लावावे; त्या बोटाचा दाब कमी पडतो, एवढाच त्यातील मर्म. उन्हात छत्री वापरावी, काळा चष्मा लावावा, कारण ऊन ही छटा गडद करते. खाज येत असेल तर स्वच्छ कापड थंड पाण्यात भिजवून पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवावे. काकडीच्या चकत्यांत जो गुण आहे तो बहुतांशी हाच, गारव्याचा. ठेवावयाच्या तर खुशाल ठेवाव्यात. मात्र लिंबाचा रस, दंतमंजन, डोकेदुखीचे बाम अथवा खाण्याचा सोडा यांस डोळ्यांच्या आसपास फिरकू देऊ नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास डाग जाण्याऐवजी भाजल्यासारखे नवे डाग उठतात.

काजळाविषयी बोलणे थोडे नाजूक आहे, कारण त्यात आजीची माया मिसळलेली असते. एरंडेलाच्या वा तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून घरी पाडलेली काजळी ही मुख्यतः कोळशाची बारीक पूड होय. सुरमा निराळा. तो पुष्कळ ठिकाणी शिशाच्या खनिजापासून केलेला आढळला आहे, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक आहे. त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरच्या काजळात शिसे नसले, तरी ते घालणारे बोट आणि नख बाळाच्या डोळ्यांत जंतू नेऊ शकते. काजळाने डोळे मोठे होतात ही केवळ समजूत आहे. दृष्ट लागू नये म्हणून लावावयाचेच, तर तीट गालावर वा तळपायावर लावावी. दृष्टही लागणार नाही आणि डोळाही सुरक्षित राहील. मोठ्या स्त्रियांनी काजळ जरूर ल्यावे, पण पापणीच्या आतील कडेस भरू नये, कारण तेथे तैलग्रंथींची सूक्ष्म तोंडे असतात. शिवाय रात्री निजण्यापूर्वी खोबरेल तेलाच्या बोळ्याने ते हलकेच उतरवून टाकावे.

येथवरचे विवेचन घरगुती झाले. यापुढील भाग मात्र आम्ही कठोर शब्दांत मांडणार आहोत.

१९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठी लोकलगाडी सुरू झाली. नोकरी करणाऱ्या आपल्या भगिनींना स्वतःचा असा प्रवास लाभला, आणि महिलांच्या डब्यांत एक फिरता बाजारही बहरला. टिकल्या, पिना, काजळकांड्या घरबसल्यासारख्या मिळू लागल्या. विकणाऱ्या स्त्रियाही कष्टाने पोट भरतात. त्यांस आमचा दोष नाही. परंतु ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, तीतील पदार्थ डोळ्यांजवळ नेणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणे होय. अशाच निनावी डब्या काही सौंदर्यप्रसाधनगृहांतून 'खास मलम' म्हणून दिल्या जातात. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारू लागतात, आणि एकीची डबी दहा घरांत जाते.

हे उजळणे दोन प्रकारांनी घडते. पहिला प्रकार स्टेरॉइडाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव वेष्टनावर दिसल्यास ते औषध आहे, प्रसाधन नव्हे, असे समजावे. वैद्याने ठरविलेल्या विकारावर, ठरविलेल्या मुदतीपुरते ते उपकारक ठरते. परंतु डोळ्यांभोवती मनाने महिनोन्‌महिने लावल्यास आधीच पातळ असलेली त्वचा अधिक पातळ होते, तांबड्या रेषा उमटतात, पुरळ उठते. आणि डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू अथवा मोतीबिंदू होण्याचाही संभव असतो. या दुरुपयोगाविरुद्ध देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठविला आणि २०१८ साली केंद्र शासनाने अशा १४ मलमद्रव्यांचा समावेश अनुसूची 'एच'मध्ये केला, म्हणजे चिठ्ठीवाचून त्यांची विक्री निषिद्ध ठरविली. कायदा झाला, पण औषधवाल्याच्या फळीवर आपणच चिठ्ठीवाचून हात पुढे केला, तर कायदा काय करील?

दुसरा प्रकार पाऱ्याचा. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून वर्ण उजळल्यासारखा दिसतो. तोच पारा त्वचेतून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडांत पोहोचतो. २०२३ सालच्या आरंभी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेली अकोल्याची हकीकत आपल्यापैकी काहींस स्मरत असेल. एका तरुण मुलीने गोरेपणाचे मलम वापरावयास घेतले. तिची आई व बहीणही तेच वापरू लागल्या. काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे तपास आला आणि त्या मलमात पारा असल्याचे निष्पन्न झाले. पुढील वर्षी केरळातील वैद्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एक विरळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरल्याचे सांगितले. समाधानाची बाब एवढीच की, मलम थांबविल्यावर बहुतेकांस उतार पडला.

यातील क्रूर योगायोग पाहावा. मूत्रपिंडांतून प्रथिने वाहून जाऊ लागली की सूज पुष्कळदा प्रथम दिसते ती सकाळी उठल्यावर, डोळ्यांभोवती. म्हणजे ज्या जागेचे रूप सुधारावे म्हणून मलम आणले, तीच जागा संकटाची पहिली वर्दी देते. म्हणून सकाळी डोळ्यांभोवती रोज सूज येत असेल, पायांवर बोट दाबल्यास खळी पडत असेल, लघवीस फेस येत असेल, तर प्रसाधनगृहाची पायरी चढू नये. थेट डॉक्टरांकडे जावे, लघवीची तपासणी करावी आणि घरात वापरात असलेली डबी बरोबर न्यावी. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ साली झाला व भारताने तो २०१८ साली स्वीकारला. परंतु निनावी डबीला करार ठाऊक नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शिकलेल्या, कमावत्या, विचारी मुली अशी डबी का उघडतात? याचे उत्तर त्वचाशास्त्रात नाही. ते आपल्या स्थळांच्या वहीत आहे. ज्ञातिज्ञातींच्या वधूवर-सूचक पत्रकांत वय, उंची, शिक्षण, वेतन यांच्या रांगेत 'रंग' असा एक रकाना असतो आणि त्यात 'गोरा', 'निमगोरा', 'गव्हाळ', 'सावळा' असे भरून घेतले जाते. मुलगी दाखविण्याच्या दिवशी तिच्या डोळ्यांखालील छटेवर दबक्या आवाजात बोलणारी माणसे परकी नसतात. आपल्याच पंक्तीला जेवलेली असतात. आणि ज्या पांडुरंगापुढे ही सारी मंडळी डोके टेकवितात, तो स्वतः सावळा आहे! देवाला जो वर्ण शोभतो तो सुनेला का शोभू नये, याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

व्यापारी जगाने याबाबतीत निदान नावापुरते तरी पाऊल उचलले. अंधेरीस चकाला येथे मुख्य कार्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरने १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० साली काढला. पाऱ्याच्या वरील हकीकतींशी त्या मलमाचा संबंध नाही. आम्ही केवळ शब्दाचे वजन दाखवीत आहोत. त्याच वर्षी 'शादी डॉट कॉम' या विवाहसंस्थळानेही कातडीच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय बंद केली. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांस जे जमले, ते ज्ञातिहितासाठी चालणाऱ्या संस्थांस जमू नये काय?

म्हणून आमची सूचना थोडक्यात अशी. येत्या वर्षापासून आपल्या वधूवर-सूचीच्या पत्रकातील 'रंग' हा रकाना रद्द करावा, आणि त्या मोकळ्या जागी रक्तगट व आवडीचे विषय लिहून घ्यावेत. हा ठराव कार्यकारी मंडळापुढे यावा आणि त्यास महिला शाखेइतकाच तरुण मंडळींनीही पाठिंबा द्यावा. त्याबरोबरच, सभासद कुटुंबांनी घरी गेल्यावर आरशापुढील फळी एकदा तपासावी आणि नावगाव नसलेली प्रत्येक डबी बाजूस काढावी.

डोळ्यांभोवतीची त्वचा पातळ असते, म्हणून तिच्यावर माणसाचे जागरण, श्रम, अश्रू आणि वय हे सारे लवकर उमटते. आपल्या आयांच्या डोळ्यांखाली जी छटा आहे, तिच्यात आपल्या कित्येकांची शिक्षणे पार पडली आहेत. तिला डाग म्हणणे आपण सोडले, तर उद्याच्या मुलींना ती पुसण्यासाठी विष विकत घ्यावे लागणार नाही.