घरांतील पुस्तकांची निवड

जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळ येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९२ वें अधिवेशन श्रीमती अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. त्यापूर्वीं याच नगरींत १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर अध्यक्ष असतांना संमेलन झालें होतें. म्हणजे साहित्याची ही दिंडी या गांवीं पुन्हां यावयास शेहेचाळीस वर्षें लागलीं. संमेलनांत भाषणें होतात, परिसंवाद होतात, ठरावही होतात. परंतु सामान्य कुटुंबाला त्याचा खरा उपयोग घडतो तो ग्रंथप्रदर्शनाच्या मांडवांत. तेथें शेंकडों पुस्तकें एकाच वेळीं समोर येतात, हातांत घेऊन चाळतां येतात, आणि खिशांतील रक्कम मात्र मोजकीच असते. पुस्तकांच्या निवडीचा प्रश्न पुस्तकी न राहतां घरगुती होतो तो या ठिकाणीं.

अशा मांडवांत उभें असलेलें एखादें कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. आजोबा महसूल खात्यांतून निवृत्त झालेले. त्यांच्या मतें पुस्तक म्हणजे ऐतिहासिक कादंबरी, आणि कादंबरी म्हणजे पेशवाईवरची. मुलगा बँकेंत नोकरीस. त्याची नजर आयुष्यांत यशस्वी कसें व्हावें हें शिकविणाऱ्या पुस्तकांवर. सून शिक्षिका, तिला काय हवें आहे हें कोणी विचारलेलें नाहीं, आणि तिनेंही सांगितलेलें नाहीं. नात बारावींत, तिला अभ्यासाव्यतिरिक्त कांहीं घेऊं देण्यास बाप नाखूष. नातू आठवींत, त्याला भुताचें पुस्तक पाहिजे. एकूण रक्कम पंधराशें रुपये. अशा वेळीं बहुधा असें होतें कीं वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान देऊन पेशवाईवरची आणखी एक कादंबरी, यशाचा मार्ग दाखविणारें एक पुस्तक आणि मुलांसाठीं बोधकथा एवढ्यावर खरेदी संपते. पुस्तकें घरीं येतात, कपाटांत बसतात आणि घर होतें तसेंच राहतें.

वास्तविक या जिल्ह्यांतील माणसाला निवडीचें तत्त्व बाहेरून शिकण्याची गरज नाहीं. यवतमाळच्या काळ्या जमिनींत कोरडवाहू शेती करणारा शेतकरी शक्यतों नुसता कापूस लावीत नाहीं. कापसाच्या कांहीं ओळींमागें तुरीची एक ओळ तो सोडतोच. एक पीक दगा देईल त्या वर्षीं दुसरें हात देईल, हा हिशोब त्याला कोणत्याही पदवीवांचून कळतो. शहरांतील शिकलेला वाचक मात्र वर्षानुवर्षें एकाच वाणाचें पीक घेतो आणि मग वाचनांत पूर्वींचा आनंद राहिला नाहीं म्हणून लेखकांना बोल लावतो.

नातवाचा प्रश्न प्रथम घ्यावा, कारण घरांतील सर्वांत निकराचें भांडण त्यावरूनच होतें. रहस्यकथा आणि भयकथा वाचणें म्हणजे वेळ फुकट घालविणें अशी समजूत सुशिक्षित घरांत खोल रुजलेली आहे. गिरगांवांत चष्म्याचें दुकान चालविणारे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनीं ‘बाबूराव अर्नाळकर’ या नांवानें हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठीं क्रमिक पुस्तकाच्या आड पुस्तक धरणाऱ्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या. त्यांतील पुष्कळांना सलग शंभर पानें वाचण्याची पहिली संवय लागली ती अर्नाळकरांमुळें. या कथांची भाषा घाईची आहे, माणसें ठशाचीं आहेत, हें खरेंच. पण चालावयास शिकणाऱ्या मुलानें डौलानें चालावें असा आग्रह कोणी धरीत नाहीं. नारायण धारपांच्या भयकथांत तर वातावरण उभें करण्याचें कसब असें आहे कीं तें प्रौढ वाचकानेंही पाहण्यासारखें आहे. चिंता करावी ती मुलगा याच कथांवर दहा वर्षें थांबला तर. तेव्हांही पुस्तक हिसकावून घेणें हा उपाय नव्हे. शेजारीं दुसरें ठेवणें हा उपाय.

तें दुसरें पुस्तक जयंत नारळीकरांचें असूं शकेल. नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस गेली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नांवानें. स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें त्यांनीं उलट केलीं होतीं, आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून मजकूर पत्नीकडून लिहून घेतला होता. कथेला पहिलें पारितोषिक मिळालें. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला आपल्या नांवाचा वशिला आपल्याच कथेला नको होता. पुस्तक निवडणाऱ्यानेंही हीच युक्ति उलट बाजूनें वापरावी. मुखपृष्ठावरील नांव, पुरस्काराची पट्टी आणि आवृत्त्यांचा आंकडा हातानें झांकून मधलीं चार पानें उभ्याउभ्या वाचावीं. पहिलीं पानें लेखकानें पाहुण्यांसाठीं आवरून ठेवलेलीं असतात. घर कसें आहे तें मधल्या खोलींत कळतें.

विनोदी पुस्तकांची निवड दिसते तितकी सोपी नाहीं. विनोद फार लवकर शिळा होतो, कारण तो ज्याची थट्टा करतो ती वस्तूच कालांतरानें नाहींशी होते. मराठी विनोदी गद्याचा पाया घालण्याचा मान विदर्भाकडे आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरास जन्मले आणि खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली करतां करतां त्यांनीं ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रयीनें रूढींची जी टर उडविली ती त्या काळीं धाडसाची होती. आज त्यांतील कांहीं लेख अजून हंसवितात, तर कांहीं समजावून सांगावे लागतात. आणि समजावून दिलेल्या विनोदाला हंसणारा माणूस केवळ सभ्य असतो. अत्र्यांच्या ‘झेंडूचीं फुलें’ची अडचण निराळी. ज्या रविकिरण मंडळाच्या कवितांचें विडंबन १९२५ सालच्या त्या पुस्तकांत आहे, त्या कविता ठाऊक असतील तर हंसून पुरेवाट होते. नसतील तर वाचक कोराच राहतो. म्हणून तें पुस्तक एकटें आणूं नये, मूळ कवितांसह आणावें. चिं. वि. जोशी बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते, पण त्यांच्या चिमणरावाला पांडित्याचा वाराही लागलेला नाहीं. १९३३ सालचें ‘चिमणरावाचें चऱ्हाट’ आजही घरांत मोठ्यानें वाचतां येतें, कारण संसारांतील फजिती अद्याप नाहींशी झालेली नाहीं. पु. ल. देशपांड्यांचीं पुस्तकें सुचविण्याची गरज नाहीं. तीं घरांत असतातच. उलट पु. ल. वाचले म्हणजे मराठी विनोद वाचून झाला, ही समजूत तेवढी दूर झाली पाहिजे. यवतमाळच्या माणसाला तर ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग करणारे वऱ्हाडी कवि शंकर बडे घरचेच. २०१६ सालीं त्यांचें निधन झालें. वऱ्हाडी बोलींतील हास्याची गंमत अशी कीं त्याच्या तळाशीं कोरड्या विहिरीचा ओलावा असतो. पुण्या-मुंबईच्या विनोदावर वाढलेल्या नातवंडांना तो चमत्कारिक वाटेल, कारण घरांत इंग्रजी आणि शाळेंत प्रमाण भाषा यांच्या मधोमध आजीची बोली केव्हां हरपली हें त्यांना कळलेलेंच नसतें.

आतां आठवणी आणि आत्मचरित्रें. येथें जरा थांबलें पाहिजे, कारण मराठींत या प्रकाराची श्रीमंती मोठी आहे आणि सामान्य वाचक त्याकडे, थोरामोठ्यांचीं चरित्रें म्हणून, पाठ्यपुस्तकासारखा पाहतो. हा प्रकार नीरस वाटतो तो एकटा वाचल्यामुळें. तो कादंबरीच्या जोडीनें वाचावा. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो !’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः आली. ती यमूनें सांगितलेली स्वतःची कहाणी आहे. पण ती सांगणारी लेखणी पुरुषाची. तिच्या शेजारीं रमाबाई रानड्यांचें १९१० सालचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ठेवावें. काळ तोच, घरेंही बरीचशीं तशींच. पति बायकोला शिकवूं पाहतो आणि घरांतील बायकांना तें रुचत नाहीं, हेंही दोहोंकडे आहे. एक पुस्तक कल्पनेनें रचलेलें, दुसरें सोसलेल्या बाईनें लिहिलेलें. आपटे जेथें वाचकाचे डोळे भरून आणतात तेथें रमाबाई कित्येकदां एका साध्या वाक्यानें पुढें जातात, आणि तें वाक्यच अधिक दिवस मनांत राहतें. अशी तुलना ज्या घरांत जेवतांना झाली त्या घराला साहित्याचा निराळा वर्ग नको.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. नवऱ्यानें १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, संसार उधळला, पुन्हां जुळला. एवढें दुःख सांगतांना ही बाई वाचकाला हंसवीत राहते. विनोदी पुस्तक आणावें कीं आठवणींचें, असा वाद पडला तर हें एक पुस्तक दोन्ही बाजूंचें समाधान करतें. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हें तर कोणत्याही ऐतिहासिक कादंबरीहून चित्तवेधक पुस्तक. दक्षिणेच्या आशेनें उत्तरेंत गेलेला कोंकणांतील एक गरीब भिक्षुक १८५७ च्या धुमाळींत सांपडला आणि झांशीचा पाडाव त्यानें स्वतः पाहिला. १९०७ सालीं तें चिं. वि. वैद्यांनीं प्रसिद्ध केलें. पेशवाईवरच सारी भिस्त ठेवणाऱ्या आजोबांना हें पुस्तक खुशाल द्यावें. इतिहास घोड्यावरून पाहण्याऐवजीं पायीं चालणाऱ्याच्या उंचीवरून कसा दिसतो तें त्यांना कळेल.

एकाच लेखकाची जोडी लावावयाची असेल तर शेजारच्या अमरावतीस जन्मलेल्या विश्राम बेडेकरांची लावावी. ‘रणांगण’ ही १९३९ ची कादंबरी, महायुद्धाच्या तोंडावर युरोपांतून निघालेल्या बोटीवरची. आणि ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हें त्यांचें आत्मचरित्र, ज्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आधीं कादंबरी वाचावी. उलट क्रमानें वाचल्यास कादंबरींत माणसें न दिसतां पुरावे दिसूं लागतात.

कांहीं पुस्तकें मात्र सुशिक्षित घराच्या उंबऱ्यावर अडतात. दया पवारांचें ‘बलुतं’ १९७८ सालीं आलें. ज्या गांवकुसाबाहेरच्या वस्तीवरून हीं घरें पिढ्यान्पिढ्या जात-येत होतीं, तिच्या आंत काय होतें हें त्यांत आहे. भाषा रांगडी आहे, मुलांच्या हातीं कसें द्यावें, असे आक्षेप घेणारे पुष्कळदां भाषेला भीत नाहींत, मजकुराला भितात. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही विदर्भांतील शिकलेल्या शेतकरी मुलाची कादंबरी. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. यवतमाळ जिल्ह्याचें नांव देशभर पोंचलें तें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनीं. बातमींत माणसाचें नांव, वय आणि कर्जाचा आंकडा येतो, आणि दुसऱ्या दिवशीं दुसरी बातमी येते. जिल्ह्याच्या गांवीं पंख्याखालीं बसून ती वाचणारें कुटुंब त्या शेतापासून वीस मैलांवर असतें. पण त्या घरांत कर्जाच्या रात्री कशा जातात हें त्याला कादंबरीवांचून कळण्याचा मार्ग क्वचितच असतो. २०१९ च्या संमेलनाचें उद्घाटन लेखिका नयनतारा सहगल यांच्या हस्तें व्हावयाचें होतें. तें निमंत्रण मागें घेण्यात आलें आणि त्यावरून मोठें वादळ उठलें. अखेर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनीं उद्घाटन केलें. निमंत्रण मागें घेणें शोभलें नाहीं, आणि त्या भगिनीचें उभें राहणें मात्र शोभलें. वाचकाला सोय अशी आहे कीं तो दोघींनाही घरीं बोलावूं शकतो. सहगलबाईंच्या बालपणच्या आठवणींचें इंग्रजी पुस्तक १९५४ सालचें आहे. आणि वैशालीबाईंच्या घराकडे जाणारी वाट ‘बारोमास’मधून जाते.

पैशाचा प्रश्न उरतोच. परंतु लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षें उलटलीं म्हणजे आपल्याकडे ग्रंथावरील हक्क संपतो. आपटे, रमाबाई, कोल्हटकर, लक्ष्मीबाई, आणि आतां चिं. वि. जोशीही, यांचें लेखन त्यामुळें मोकळें झालें आहे. तें स्वस्त आवृत्त्यांत मिळतें, त्यांतील बरेंचसें संगणकावर व भ्रमणध्वनीवरही वाचतां येतें. बाकीच्यांसाठीं ग्रंथालय आहे. १९६७ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळूं लागलें. अ, ब, क, ड अशा त्यांच्या श्रेणी आहेत. ड श्रेणीच्या गांवच्या वाचनालयाच्या धुळकट फळीवर सुद्धां कधीं असें पुस्तक निघतें कीं तें मोठ्या शहरांतील दुकानांत मिळूं नये. आधीं तेथून आणून वाचावें, आणि परत करतांना जिवावर आलें तरच विकत घ्यावें. पुस्तक घरीं ठेवण्याच्या लायकीचें आहे कीं नाहीं याची याहून चांगली परीक्षा नाहीं.

या जिल्ह्याच्या एका ग्रंथाचा उल्लेख राहिला. वणी येथें १८८० सालीं जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनीं लोकमान्यांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हें संस्कृत महाकाव्य रचलें, आणि त्यास त्यांच्या पश्चात् १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अण्यांच्या नांवाचा अभिमान जिल्ह्यांत सर्वांना आहे. ग्रंथ वाचलेले मात्र बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. विविध वाचनाच्या नांवाखालीं सर्वांनीं तो वाचावा असें सुचविणें अन्यायाचें होईल. पण संस्कृत घेतलेली एखादी नात घरांत असेल तर तिला निदान तो ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटांतून काढावयास सांगावें.

मांडवांतल्या कुटुंबाकडे परत यावें. समजा, त्या दिवशीं सूनबाईंनीं प्रथमच तोंड उघडलें आणि प्रत्येकानें स्वतःसाठीं न घेतां दुसऱ्यासाठीं एक पुस्तक निवडावें असें सुचविलें. आजोबांनीं नाइलाजानें नातवासाठीं धारप घेतले. नातवानें, जाड दिसलें म्हणून, आईसाठीं ‘स्मृतिचित्रें’ उचललें. नातीनें बापासाठीं ‘बारोमास’ काढलें. कर्जाचीं प्रकरणें तेच पाहतात, एवढेंच कारण तिनें सांगितलें. बापानें आजोबांसाठीं गोडसे भटजी घेतले, आणि आईनें मुलीसाठीं ‘रणांगण’. हिशोबांत थोडे रुपये उरले, त्यांत चिमणराव आला.

पंधरा दिवसांनीं रात्रीं उशिरां आजोबांच्या खोलींत दिवा दिसला. गोडसे भटजी उशाशीं पालथे पडले होते, आणि आजोबा धारपांच्या शेवटच्या प्रकरणांत होते. सकाळीं त्यांनीं नातवाला जरा आवाज उतरवून विचारलें कीं या लेखकाचें आणखी एखादें पुस्तक त्याच्या शाळेंतील कोणाकडे मिळेल काय.